नोकरी भंडाऱ्याची, पत्ता नागपूरचा

भंडाऱ्याला बदली झाली की नातेवाईक आणि सहकारी पहिला प्रश्न राहण्याचा विचारतात आणि उत्तरही तेच देऊन टाकतात : नागपूरहून अप-डाऊन कर. अंतर साधारण साठ किलोमीटर. महामार्ग आता चांगला झाला आहे, एसटी मिळते, चौघांनी मिळून गाडी केली तर पेट्रोल वाटले जाते, रेल्वेचा मासिक पास आहेच. जिल्हा परिषद, न्यायालय, बँका, महाविद्यालये, रुग्णालय अशा ठिकाणी काम करणाऱ्या कितीतरी माणसांचा भंडाऱ्याशी संबंध त्यामुळे कार्यालयाच्या वेळेपुरताच उरतो.

मुंबई-पुण्याकडे माणूस उपनगरात राहतो आणि मोठ्या शहरात कामाला जातो. आमच्याकडे काम लहान गावात आणि मुक्काम मोठ्या शहरात. नागपूरच्या पूर्वेकडचे पारडी, वर्धमाननगर, नंदनवन हे भाग एका अर्थाने भंडाऱ्याची उपनगरे झाले आहेत. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात निवड करण्यासारखे काही आहे, असे कुणाला वाटतच नाही. मला वाटते, ही निवड नीट विचार करून करण्याची गोष्ट आहे. इथे नोकरी करणाऱ्याने शक्य असेल तर इथेच राहावे असे माझे मत आहे, आणि ते शक्य व्हावे यासाठी सरकारने आणि या गावाने जे करायला हवे ते गेली कित्येक वर्षे झालेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी अप-डाऊनचा हिशेब बघू. घरातून निघून खुर्चीत बसेपर्यंत दीड तास आणि परतीचा दीड तास, म्हणजे दिवसाचे तीन तास. रेल्वेने गेले तरी वेळ फारसा वाचत नाही, कारण भंडाऱ्याचे स्टेशन भंडाऱ्यात नाही. ते वरठीला आहे, गावापासून दहाएक किलोमीटरवर. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग रुंद केला, आणि जिल्ह्याच्या मुख्य गावाला बाजूला ठेवून गाडी वरठीवरून तुमसरकडे गेली. स्टेशनच्या नावात ‘रोड’ शब्द आहे तो म्हणूनच. तेव्हा नागपूरहून येणारा माणूस इतवारीला गाडी पकडतो, वरठीला उतरतो आणि तिथून ऑटो किंवा स्टेशनवर ठेवलेली दुचाकी घेऊन गावात येतो. नागपूरपासून भंडारा रोडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. ती आली तरी वरठी ते कचेरी हा तुकडा उरतोच.

झुरिच विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ब्रुनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर यांनी जर्मन कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीवरून एक प्रश्न तपासला होता. लांबून कामाला येणाऱ्या माणसाला त्या बदल्यात चांगले घर किंवा चांगला पगार मिळत असेल, म्हणजे शेवटी तो इतरांइतकाच समाधानी असायला हवा. तसे आढळले नाही. प्रवास जितका लांब, तितके समाधान कमी. घर मोठे असल्याने ती तूट भरून निघत नव्हती. याचे कारण मला आपल्या माणसांकडे बघून कळते. घर निवडताना आपण खोल्या, फरशी, गॅलरी, किराया मोजतो, कारण त्या गोष्टी समोर दिसतात. रोजचे तीन तास दिसत नाहीत. ते मुलांच्या अभ्यासातून, आईवडिलांशी बोलण्यातून, झोपेतून थोडे थोडे कापले जातात. डिसेंबरच्या धुक्यात महामार्गावर ट्रकच्या मागे दुचाकी चालवणारा शिक्षक रोज काय पणाला लावतो, हे घरच्यांनाच माहीत असते.

तरीही माणसे नागपूर निवडतात, आणि त्यांना दोष देऊन हात झटकणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. नवरा भंडाऱ्यात तर बायको नागपुरात नोकरीला असते. मुलगी आठवीत गेली की स्पर्धा परीक्षेच्या शिकवण्या डोळ्यांसमोर येतात. सासऱ्यांना हृदयाचा त्रास असेल तर रात्री दोन वाजता कुठे न्यायचे, हा प्रश्न खरा असतो. नागपुरात घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते चालू असतात. आणि बदली तीन वर्षांनी पुन्हा होणार, मग बिऱ्हाड हलवायचे कशाला, हाही विचार असतो. यांतले एकही कारण खोटे नाही.

पण या सगळ्या खऱ्या कारणांची बेरीज गावाच्या अंगावर येते. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात नायजेरियाच्या रेल्वेचे उदाहरण दिले आहे. उत्तरेकडचा भुईमूग बंदरापर्यंत नेण्याचे काम रेल्वेने सहज करावे असे होते, तरी माल ट्रकने जाऊ लागला. शेकडो मैलांच्या वाहतुकीत ट्रकने रेल्वेला हरवावे ही नवलाची गोष्ट. स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारायला हवी होती, ती सुधारली नाही. हर्शमनचे म्हणणे असे की ज्या गिऱ्हाइकांना सेवेच्या दर्जाची सगळ्यात जास्त पर्वा होती आणि जे सगळ्यात जोरात ओरडले असते, तेच आधी निघून गेले. मागे उरले त्यांच्या ओरडण्याला वजन नव्हते.

भंडाऱ्यात हेच होते. ज्या प्राध्यापकाला, डॉक्टरला, अभियंत्याला चांगली शाळा कशी असते हे माहीत आहे, तो पालकसभेला इथे नसतो. नळाला गढूळ पाणी आले तर अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे पाठपुरावा करायचा हे ज्याला कळते, त्याच्या घरी नागपूरचा नळ असतो. शाळा सुधारत नाही म्हणून तो इथे राहत नाही, आणि तो राहत नाही म्हणून शाळेवर दबाव येत नाही. पगार भंडाऱ्याच्या कोषागारातून निघतो. भाजी, डॉक्टर, शिकवणी, दिवाळीचे कपडे, बांधकामाचा मिस्त्री यांवर तो खर्च होतो नागपुरात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली आणि भंडारा जिल्ह्याची ५.६५ टक्क्यांनी : ११,३६,१४६ वरून १२,००,३३४. याला पुष्कळ कारणे आहेत. धानाच्या शेतीत पोट भरत नाही म्हणून गेलेला मजूर हे मोठे कारण आहे. पण मजूर गाव सोडतो आणि पगारदार गावात येतच नाही, या दोन्हींचा परिणाम बाजारपेठेवर एकच होतो.

नागपूर आणि भंडारा यांना जोडणारी आणखी एक गोष्ट आहे, ती रोज ये-जा करणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला जाते आणि कन्हान वैनगंगेला मिळते. ते पाणी पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येऊन थांबते. पवनी तालुक्यात नोकरी करून रात्री नागपुरात मुक्कामाला जाणारा माणूस आपल्याच घरचे पाणी नोकरीच्या गावाला पाठवत असतो. पवनीत राहत असता तर त्याने त्याबद्दल नक्की आवाज उठवला असता.

सरकारला हा प्रश्न दिसत नाही असे नाही. सरकारचे त्यावरचे उत्तर एका शब्दात आहे : मुख्यालय. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका यांनी मुख्यालयी राहिलेच पाहिजे असा नियम आहे. २०१९ साली ग्रामविकास विभागाने एक पायरी पुढे जाऊन ठरवले की कर्मचारी गावात राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव हवा, तरच घरभाडे भत्ता. ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विषय काढला : शिक्षक गावात राहत नाहीत आणि भत्ता मात्र घेतात. त्यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या आणि महिनाभर वर्तमानपत्रे या वादाने भरली. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी एकमेकांच्या नीतीचा पंचनामा केला. गावात भाड्याने मिळण्याजोगे घर आहे का, त्याला संडास-न्हाणी आहे का, हा प्रश्न त्या गदारोळात हरवला.

मी ठरावाच्या विरोधात आहे आणि त्याचे कारण साधे आहे. जो नियम पाळणे बहुतेकांना शक्य नाही, तो कागदावर पाळला जातो. सरपंच ठराव देतो, कारण गुरुजींशी वाकडे घेऊन त्याला चालणार नाही. गुरुजी तो घेतात, कारण भत्ता बुडणे परवडत नाही. गटशिक्षणाधिकारी तो फाइलला लावतात, आणि तेही बहुधा दुसऱ्याच गावाहून आलेले असतात. वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणाऱ्या माणसाला दरवर्षी खोटा कागद सादर करायला लावणे, यात राज्याचे फार मोठे नुकसान आहे. मुख्यालयी न राहण्यापेक्षाही मोठे, असे मी म्हणेन.

भत्त्याची रचनाही माणसाला गावात थांबवणारी नाही. सातव्या वेतन आयोगानुसार राज्याने ५ फेब्रुवारी २०१९ च्या निर्णयात शहरांचे तीन वर्ग केले. नागपूर ‘वाय’ वर्गात, तिथे मूळ पगाराच्या १६ टक्के घरभाडे भत्ता. भंडारा ‘झेड’ वर्गात, तिथे ८ टक्के. महागाई भत्त्याबरोबर हे दर वाढत जातात, पण प्रमाण दुपटीचेच राहते. मोठ्या शहरात घर महाग, म्हणून भत्ता जास्त, हा हिशेब वरकरणी बरोबर आहे. भाडे सोडून मात्र लहान गावात राहण्याची किंमत जास्तच पडते. मुलाला बाहेर शिकायला ठेवावे लागते, दवाखान्यासाठी गाडी करून नागपूर गाठावे लागते, आईवडिलांसाठी दुसरे घर चालवावे लागते. ही किंमत कोणत्याच कोष्टकात धरलेली नाही.

याच सरकारने दुसऱ्या एका ठिकाणी मात्र शहाणपणा दाखवला आहे. प्राथमिक शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांचे २०१७ चे धोरण आणि त्यानंतरचे २०२१ चे धोरण बघा. पती-पत्नींच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यांना बदलीत प्राधान्य मिळते. म्हणजे तीस किलोमीटरच्या आत दोघांनी एक घर करून दोन्हीकडे नोकरी करणे शक्य आहे, त्यापलीकडे संसार ताणला जातो, हे शासनाने मान्य केले आहे. मग तीच मर्यादा राहण्याच्या जागेला का लावू नये? शिक्षकाने त्याच गावात राहावे हा आग्रह सोडून तीस किलोमीटरच्या आत राहावे एवढे मागितले, तर मोहाडी आणि लाखनीचे शिक्षक भंडाऱ्यात घर करतील आणि साकोली तालुक्यातले साकोलीत. अर्ध्या तासाचा प्रवास माणूस आनंदाने करतो. ग्रामसभेला खोटा ठराव करावा लागणार नाही, आणि जिल्ह्याचा पगार जिल्ह्यात राहील.

आता समजा, कुणी ठरवले की भंडाऱ्यातच राहायचे. कुठे राहायचे? इथे मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण याबद्दल नव्या माणसाला सरळ माहिती देणारे कुणी भेटत नाही. भेटतात ते प्लॉट विकणारे.

२०११ च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ होती. शहर तेवढ्यावर संपते असे वाटेल, पण नवी वस्ती नगर परिषदेच्या हद्दीबाहेर वाढली आहे. गणेशपूर, खोकरला, भोजापूर, बेला ही शहराला चिकटलेली गावे आता प्रत्यक्षात उपनगरे आहेत आणि कागदावर ग्रामपंचायती. नोकरदारांची घरे, किरायाच्या खोल्या, छोट्या अपार्टमेंट यांतला बराच भाग इथे आहे. ग्रामपंचायतीचा कर कमी, बांधकामाची परवानगी तुलनेने सोपी, प्लॉट स्वस्त. त्याची दुसरी बाजू घर घेतल्यावर कळते. गटार कुणी बांधायचे, कचरा कुठे टाकायचा, रस्त्यावरचा दिवा कुणाचा, आगीचा बंब कुठून येणार, या प्रत्येक गोष्टीत हद्दीचा वाद असतो. एका गल्लीची ही बाजू शहर आणि ती बाजू गाव, असे या काठावर होते. ग्रामपंचायत म्हणजे दुबळीच असते असेही नाही. २०२४ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रल ग्रामपंचायतीचा सन्मान बेल्याने मिळवला. मनावर घेतले तर नव्या घरांचे गाव नीट चालवता येते, याचा पुरावा महामार्गावरच उभा आहे. पण चारही ग्रामपंचायती आणि नगर परिषद यांचा मिळून एक विकास आराखडा असल्याशिवाय हे काम पुढाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून राहते.

भंडाऱ्यात घर निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो नळाच्या पाण्याचा नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सोडले गेले आणि वैनगंगा भंडाऱ्यात शिरली. गणेशपूर, भोजापूर, पलीकडचे कारधा आणि शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. माणसे छतांवर होती, नावा रस्त्यांवर होत्या. खाली गोसीखुर्दची ३३ दारे, वर मध्य प्रदेशातली धरणे, आणि मधे हे गाव. गोसीखुर्दचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो, त्यामुळे नदी पूर्वीसारखी ओसरत नाही. असे असूनही नव्या ले-आऊटच्या जाहिरातीत पूररेषेचा उल्लेख नसतो. घर बघायला येणाऱ्याने २०२० चे पाणी कुठपर्यंत आले होते, हे शेजारच्या तीन घरांत विचारावे. भिंतीवरची खूण रंगाखाली गेली असेल, पण माणसे विसरलेली नाहीत.

दुसरा धोका बांध्यांचा. हा धानाचा मुलूख आहे. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेली जमीन : चारी बाजूंनी धुरे, मधे सपाट, खाली चिकणमाती. तिथे मुरूम टाकून प्लॉट पाडले तरी जमीन आपला स्वभाव सोडत नाही. पावसाळ्यात अंगणात पाणी उभे राहते, घराच्या पायात ओल चढते. त्याहून वाईट म्हणजे वरच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी ज्या वाटेने खालच्या तलावात जायचे ती वाट बुजते. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव आणि त्यांना जोडणारे पाट बांधले. मालगुजारी तलाव म्हणून ते अजूनही ओळखले जातात. त्या रचनेवर ले-आऊट टाकताना कुणाला विचारले जात नाही. अकृषक परवानगी आहे की नाही, हे सगळे तपासतात. ही बांधी कोणत्या बोडीखाली होती, हेही तपासायला हवे, आणि ते गावातला म्हातारा शेतकरीच सांगू शकतो.

खात रोडचा भाग उंचावर आणि नोकरदारांच्या पसंतीचा, म्हणून तिथे किराया जास्त. जुन्या गावात, गांधी चौकाच्या आसपास, घरे दाटीची आहेत. पण बाजार, दवाखाना, शाळा सगळे पायी. एकट्याने राहणाऱ्या तरुण नोकरदाराला मी जुने गाव सुचवीन, कारण संध्याकाळी माणसे भेटतात. वरठी हा आणखी एक पर्याय आहे. तिथे सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे वस्ती आहे आणि स्टेशन हाताशी. जोडीदार नागपुरात नोकरीला असेल तर दोघांच्या मधले ठिकाण म्हणून वरठीचा विचार कुणी करत नाही, तो करायला हवा. तुमसरची गोष्ट वेगळी. तांदळाची मोठी बाजारपेठ असल्याने त्या गावाला स्वतःचे बळ आहे आणि तिथे बदलून आलेला माणूस तुलनेने लवकर रुळतो.

जिल्ह्यातल्या कारखान्यांनी राहण्याचा हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. जवाहरनगरची आयुध निर्माणी साठच्या दशकात उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर वसाहत, शाळा, दवाखाना, मैदान आले. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींजवळही क्वार्टर झाली. पाळीचा कामगार नागपूरहून येऊन चालणार नाही, हे व्यवस्थापनाला कळत होते. जानेवारी २०२५ मध्ये आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा ते दुःख जवाहरनगर आणि भोवतालच्या गावांच्या घराघरांत होते, कारण माणसे तिथेच राहत होती. निर्माणीला माणूस जवळ हवा हे ज्या राज्यव्यवस्थेला कळले, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रालाही रात्री माणूस हवा हे तितक्या तीव्रतेने कळलेले नाही. केंद्राच्या आवारातली क्वार्टर गळकी, दारे मोडलेली, पाण्याची टाकी फुटलेली, असे चित्र खेड्यांत सर्रास दिसते. त्या क्वार्टरमध्ये बाळंतपणासाठी रात्री उठणाऱ्या परिचारिकेने राहावे अशी अपेक्षा करताना तिच्या दाराला कडी आहे का, हे तरी बघायला हवे.

घर निवडण्याचे हे सगळे वर्णन वाचून कुणाला वाटेल की प्रश्न फक्त सोयीचा आहे. पण निवड करता येणे हाच एक हक्क आहे आणि तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला हा अधिकारी नोकरीच्या गावी राहायला जागा शोधत होता आणि ती त्याला मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ते कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. दुसरीकडे आसरा मिळेना, तेव्हा ते एका सार्वजनिक बागेत तासन्‌तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. नोकरी होती, पत्ता नव्हता. पुढे १९५४ मध्ये हेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. या जिल्ह्याच्या माणसाला ही दोन्ही वर्षे एकत्र आठवायला हवीत.

आज लाठ्या नाहीत. आज घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून समजले नाही तर मूळ गाव विचारतो, मग घरात काय शिजते ते विचारतो, आणि शेवटी सांगतो की खोली कालच दिली. ज्यांना हे ऐकावे लागते, ते नागपुरात ओळखीच्या वस्तीत राहून रोज साठ किलोमीटर येतात. त्यांच्या अप-डाऊनला आपण आळस म्हणतो. बौद्ध शिक्षिका, मुस्लिम बँक कर्मचारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी परिचारिका, यांना भंडाऱ्यात पहिल्या आठवड्यात सन्मानाने खोली मिळत नसेल, तर मुख्यालयाचा नियम त्यांच्यावर दुहेरी अन्याय करतो. एकट्या बाईला खोली देताना घरमालक ‘रात्री किती वाजता येता’ विचारतो. रात्रपाळीच्या परिचारिकेने काय उत्तर द्यावे? सरकारी क्वार्टरचे महत्त्व इथे आहे. ते आडनाव विचारत नाही.

आणि ज्यांना मुळीच निवड मिळाली नाही, अशी माणसे याच जिल्ह्यात पुष्कळ आहेत. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले. नंतर पवनी आणि भंडारा तालुक्यांतली गावे उठली, त्यांच्यासाठी नवी गावठाणे आखली गेली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, नंबर. कुणाच्या शेजारी कोण, हे अधिकाऱ्याच्या नकाशावर ठरले. त्या वस्त्यांमधून फिरले की कळते, नकाशावर घर पडणे आणि गावात घर असणे यांत किती अंतर आहे. नोकरीसाठी आलेल्या माणसाजवळ जो थोडा फार निवडीचा अधिकार आहे, तो या पार्श्वभूमीवर फार मोलाचा वाटतो.

मुलांच्या शिक्षणाचा मुद्दा मी टाळत नाही. दहावीनंतर नागपूर लागेल, हे मला मान्य आहे. पण पहिली ते आठवी या वर्षांसाठी भंडारा अपुरे आहे, हे मला मान्य नाही. त्या वयात मुलाला संध्याकाळी साडेसहाला घरी असणारा बाप लागतो, आणि नागपूरच्या कोणत्याही नामांकित शाळेत त्याची सोय नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, ही रंगभूमी ज्या मुलाने बापाच्या खांद्यावर बसून पाहिली, त्याच्या भाषेला जे मिळते ते शिकवणीत मिळत नाही. मोठी मुले असणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वेगळा येईल. तो त्यांनी मोकळेपणाने मांडावा आणि त्यासाठी त्यांना दाखला मागू नये.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत भंडारा आहे. जिल्ह्याच्या इतिहासात इतके शिकलेले मनुष्यबळ एकदम येण्याची वेळ पहिल्यांदाच आली आहे : प्राध्यापक, निवासी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी. ही माणसे राहणार कुठे, हे आत्ता ठरते आहे. अध्यापकांच्या निवासस्थानांचे काम इमारतीच्या शेवटच्या टप्प्यात ढकलले, तर ते नागपूरहूनच येऊ लागतील, आणि एकदा पाल्याचा प्रवेश नागपूरच्या शाळेत झाला की मग निवासस्थान बांधूनही रिकामे राहील. दुपारी ओपीडी चालेल आणि अपघाताचा रुग्ण रात्री आला की पुन्हा नागपूरची चिठ्ठी मिळेल. वर्गखोल्यांच्या आधी घरे बांधा, पूररेषेच्या वर बांधा. आणि ती पूर्ण होईपर्यंत नगर परिषदेने, गणेशपूर, खोकरला, भोजापूर, बेला या ग्रामपंचायतींनी किरायाने देता येण्याजोग्या घरांची यादी करून ती महाविद्यालयाच्या कार्यालयात ठेवावी, आडनाव न विचारता घर देणाऱ्या मालकांची. नवे डॉक्टर सामान घेऊन येतील तेव्हा ती यादी टेबलावर असली पाहिजे.